2000 नंतर वसलेल्या वस्तीला नळजोडणी कशी मिळेल?

प्रश्न : खाडीकाठचा

मुंबईच्या पूर्व उपनगरात खाडीलगतच्या एका वस्तीत मी दर रविवारी मुलांना शिकवतो. बहुतेक घरे 1 जानेवारी 2000 नंतर उभी राहिल्यामुळे तेथे महापालिकेचा नळ नाही. पलीकडच्या गल्लीतील नळधारकाकडून पाइप लावून पाणी घेतले जाते आणि 200 लिटरच्या एका निळ्या ड्रमाला 60 रुपये मोजावे लागतात. गेल्या रविवारी चौथीतील एक मुलगी वर्गातच झोपली. पाणी पहाटे चारला सुटते आणि त्या दिवशी पाइप धरण्याची पाळी तिची होती. जुन्या वास्तव्याचा पुरावा नसेल तर अर्जच घेत नाहीत, असे सांगून एक मध्यस्थ घरटी पैसे मागतो आहे. नियम नेमका काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : तिसरी पाळी

मध्यस्थाचे म्हणणे जुन्या नियमावर बेतलेले आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये असा निर्णय दिला की, पाण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी 2000 नंतरची आहे एवढ्याच कारणावरून तो नाकारता येणार नाही. त्यानंतरही बरीच वर्षे गेली. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचे धोरण लागू झाले ते मे 2022 मध्ये. एक खुलासा मात्र वस्तीत आधीच करून ठेवावा : नळ मिळाला म्हणून घर अधिकृत ठरत नाही आणि पाण्याचे बिल पुनर्वसनासाठी पुरावा म्हणून चालत नाही. हे न सांगितल्यास पुढे लोकांची फसगत होते.

उत्तर : चौथा मजला

माझे मत कदाचित रुचणार नाही. आम्ही कर भरतो, तरीही उन्हाळ्यात आमच्या इमारतीत पाणीकपात होते. सात तलावांवर जगणाऱ्या शहराने अनधिकृत बांधकामांनाही पाणी पुरवायचे ठरवले, तर नियम पाळणाऱ्यांनी काय करावे?

उत्तर : तिसरी पाळी

पाणी त्या वस्तीत आजही जातेच आहे, फक्त त्याचे पैसे पालिकेऐवजी नळधारकाच्या खिशात पडतात. प्रश्नातील दराने हजार लिटरला 300 रुपये होतात. आपल्या सोसायटीच्या बिलातील दर त्याशेजारी ठेवून पाहावा. शिवाय पुरवठ्याचे मानक इमारतींसाठी माणशी रोज 135 लिटर आणि झोपडपट्टीसाठी 45 लिटर असे धरले जात आले आहे. कपातीचा राग समजतो, पण तो या ड्रमावर काढण्यात अर्थ नाही.

उत्तर : जुना प्लंबर

वस्तीत सहसा एकेका घराला नव्हे, तर काही घरांच्या गटाला मिळून एक मीटर मिळतो. त्यामुळे बिल कोण गोळा करणार, हे अर्जाआधीच ठरवावे. पैसे थकले की जोडणी तुटते आणि वेळेवर भरणारी घरेही कोरडी पडतात. माझ्या अनुभवात गटप्रमुख बाई असेल तर वसुली सुरळीत होते, कारण पाण्याची झळ तिलाच बसते. अर्ज विभाग कार्यालयातील जलकामे खात्याकडे, परवानाधारक प्लंबरमार्फत करावा. खरा खर्च पुढेच असतो : मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप ज्याचा त्याने टाकायचा असतो, आणि तो गटारातून नेला तर सांध्यातून घाण पाणी आत ओढले जाते. चार पैसे जास्त लागले तरी पाइप गटाराच्या वरून, भिंतीला धरून न्यावा. जमीन केंद्र सरकारची किंवा रेल्वेची असेल, तर ना हरकत प्रमाणपत्रापाशी गाडी अडते.

प्रश्नकर्ता : खाडीकाठचा

सर्वांचे आभार. वस्तीचा अर्धा भाग मिठागराच्या जमिनीवर आहे, असे तेथील वडीलधारे सांगतात. त्याची खात्री कोठे करावी?

उत्तर : जुना प्लंबर

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. मिठागराची जमीन बहुधा केंद्राची निघते. तसे निघाले, तर उरलेल्या अर्ध्या भागाचा अर्ज त्यासाठी थांबवू नका. दोन गट करून तो आधी द्या.