सीड, सिरीज बी की चाकणचीच नोकरी? क्वालिटीवाल्याने कुठे जावं?

मोशीकर

नमस्कार मंडळी. वय ३६, डिप्लोमा मेकॅनिकल, अकरा वर्षं क्वालिटीत. सध्या चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डेप्युटी मॅनेजर, इथे साडेचार वर्षं झाली. कस्टमर कंप्लेंट, ८डी (तक्रारीचं मूळ शोधायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट), ऑडिटच्या आधीची पळापळ, हेच रोजचं. कंपनी वाईट नाही. पगार वेळेवर होतो, कँटीनची उसळसुद्धा बरी असते. पण माझ्या वरचे साहेब ४४ वर्षांचे आहेत आणि ते काही खुर्ची सोडायचे नाहीत.

हातात दोन ऑफर आहेत. पहिली भोसरी एमआयडीसीतली. इलेक्ट्रिक थ्रीव्हीलरचे मोटर कंट्रोलर बनवतात, २२ माणसं, सीड फंडिंग (बाहेरच्या गुंतवणुकीचा अगदी पहिला टप्पा). पगार आत्तापेक्षा दहा टक्के कमी, पण ०.३ टक्के ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क) देतायत. दुसरी तळेगावच्या बाजूला, बॅटरी पॅकची. सिरीज बी (सीड, ए नंतरची मोठी गुंतवणूक) झालीय, अडीचशेच्या आसपास माणसं, पगार ३५ टक्के जास्त आणि पद 'प्लांट क्वालिटी हेड'. ईसॉप तिथेही आहेत, आकडा अजून सांगितलेला नाही.

बायको म्हणते तळेगाव. सासरे म्हणतात, "जावईबापू, आहे ते काय वाईट आहे?" मला विचाराल तर भोसरीची पोरं आवडली. इंटरव्ह्यू राहिला बाजूला, त्यांनी जळालेला बोर्ड माझ्यासमोर ठेवला आणि दीड तास आम्ही तोच बघत बसलो. घराचा हप्ता २७ हजार, मुलगी तिसरीत, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. कंपनी कुठल्या टप्प्यावर असताना आत शिरावं, यावर अनुभवी लोकांनी लिहावं ही विनंती.

व्हर्नियर

पन्नाशी ओलांडलीय, हयात याच धंद्यात गेली. आधी मोठ्या घराची कंपनी, मग ईव्हीवाले दोन, आता सल्ले देऊन पोट भरतो. त्यामुळे इथे फुकट देतोय याची नोंद घ्यावी.

सीड, ए, बी ही अक्षरं गुंतवणूकदाराच्या वहीतली. तुम्ही प्रॉडक्ट कुठे पोचलंय ते बघा: प्रोटोटाइप, पायलट, एसओपी (नियमित उत्पादनाची सुरुवात), का एसओपीनंतरचा रॅम्प-अप (उत्पादन भराभर वाढवणं). सिरीज बी मिळवून अजून पायलटवर अडकलेली कंपनी मी पाहिलीय आणि एक रुपया बाहेरून न घेता महिन्याला हजारो नग काढणारा भोसरीतला कारखानदारही पाहिलाय.

प्रोटोटाइपच्या टप्प्यावर ड्रॉइंगची रिव्हिजन सकाळी एक असते, जेवून येईपर्यंत दुसरी. तिथे कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता) लिहून भिंतीला लावाल, तर संध्याकाळी त्यात भजी बांधतील. तिथे लागतो तो डिझायनरच्या शेजारी बसून डीएफएमईए (डिझाइन कुठे फसू शकतं याची यादी) करणारा, एआरएआयच्या (पुण्यातली वाहनं तपासणारी संस्था) टेस्टसाठी सँपल घेऊन हेलपाटे घालणारा, वेळ पडली तर स्वतः सोल्डरिंग तपासणारा माणूस. जळका बोर्ड बघत दीड तास बसलात म्हणजे तेवढी खाज तुम्हाला आहे. पण ते काम रोज, तीन वर्षं, हाताखाली एकही इन्स्पेक्टर नसताना करायचं आहे. आणि अकरा वर्षं जे शिकलात त्यातलं निम्मं तिथे कपाटात राहील.

रॅम्प-अप हा क्वालिटीवाल्याचा खरा हंगाम. दिवसाला ५० पॅकवरून ३०० वर जायचं असतं, दर सोमवारी कॉन्ट्रॅक्टचे नवे ऑपरेटर येतात, बॅटरी सेलचा लॉट बदलला की वेल्डचं सेटिंग हलतं. इथे तुमच्या अकरा वर्षांचा पैसा वसूल होतो. शिव्याही इथेच सगळ्यात जास्त पडतात, कारण तुम्ही माल अडवणार आणि सेल्सवाल्याने तारीख देऊन ठेवलेली असणार.

आता तळेगावचं. ऑफर लेटरवर सही करण्याआधी शॉपफ्लोअर दाखवा म्हणा, आणि तेही महिन्याच्या २८-२९ तारखेला. पाच तारखेला सगळेच कारखाने देवळासारखे असतात. रेड बिनला (नापास माल ठेवायची पेटी) कुलूप आहे का ते बघा, आणि किल्ली कोणाकडे असते ते विचारा. टॉर्क गनवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे का आणि त्यावरची तारीख कोणती, बघा. वेल्डची पुल टेस्ट (जोड ओढून ताकद बघणं) दर शिफ्टला होते का? रजिस्टर उघडून बघा. सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेले दिसले तर काय ते समजा. कव्हर हार्ड टूलवर (कायमचा साचा) निघतंय की अजून सॉफ्ट टूलवर (तात्पुरता साचा)? पीपीएपीवर (उत्पादनाआधी पार्ट मंजूर करायचे कागद) कस्टमरची पूर्ण सही झालीय, का 'इंटरिम अप्रूव्हल'वर गाडा चाललाय? रीवर्क टेबलवर किती पॅक पडलेत आणि सगळ्यात जुना कधीचा? शेवटी प्लांट हेडला साध्या आवाजात विचारा: इथे डिस्पॅच शेवटचा कोणी थांबवला होता, आणि तो माणूस आता कुठे आहे?

अजून एक, हा धंदा सरकारी कागदावर हलतो. १ जून २०२३ ला फेम-२ ची (केंद्राची इलेक्ट्रिक गाड्यांसाठीची योजना) सबसिडी किलोवॉट-अवरला १५ हजारांवरून १० हजार झाली, मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली. मे महिन्यात देशात लाखाच्या वर इलेक्ट्रिक दुचाकी गेल्या होत्या, जूनमध्ये त्याच्या निम्म्याच्या खाली. त्याच्या दोनच महिने आधी, ३१ मार्चपासून, एआयएस-१५६ चा (बॅटरी सुरक्षेचे नियम) दुसरा टप्पा लागू झाला होता, म्हणजे बॅटरीवाल्यांनी नुकतंच सगळं नव्याने तपासून घेतलेलं. मी तेव्हा ज्यांच्याकडे होतो त्यांचा कस्टमर एकच होता. त्याने जूनचं शेड्यूल अर्ध्यावर आणलं, आणि आमचा जुलैचा पगार ऑगस्टच्या मध्यावर झाला. म्हणून दोन्हीकडे विचारा: सगळ्यात मोठा कस्टमर विक्रीच्या किती टक्के? तोच बहुतेक माल उचलत असेल तर कंपनी सीडला आहे की बीला, काही फरक पडत नाही.

अर्धा_टक्का

वर व्हर्नियरकाकांनी सगळं लिहिलंय. फक्त ईसॉपबद्दल, कारण ०.३ वाचून हसू आलं.

०.३ टक्के कशाचे? आजच्या सगळ्या शेअरचे की ईसॉपसाठी राखलेले सगळे शेअर धरून? पुढच्या प्रत्येक गुंतवणुकीच्या राऊंडला ते पातळ होणार. कायद्याने पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, म्हणजे हक्काचं होत नाही, पुढे बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा हिशोब. नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला किती मुदत, ते पॉलिसीत वाचा. बऱ्याच ठिकाणी ९० दिवसच असतात. ऑप्शन वापरलेत की त्या दिवशीची किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यातला फरक पगारात धरून कर लागतो, शेअर विकता येवो न येवो. कर पुढे ढकलायची सोय २०२० च्या बजेटमध्ये आली, पण डीपीआयआयटीची (केंद्राचं उद्योग खातं) नुसती नोंदणी त्याला पुरत नाही, वेगळं प्रमाणपत्र लागतं. आणि राजीनामा दिलात की ती सवलत संपली.

इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर २०१३ ला सुरू झाली, शेअर बाजारात आली मे २०२५ मध्ये, ३२१ रुपयांना. म्हणजे बारा वर्षं. ओला इलेक्ट्रिक त्याआधी, ऑगस्ट २०२४ ला, ७६ रुपयांना आली. २०२५ संपताना पहिलीचा भाव इश्यू किमतीच्या बराच वर होता, दुसरीचा बराच खाली. धंदा तोच, टप्पा तोच. ईसॉपची किंमत शून्य धरा आणि मग पगार जुळतो का बघा.

एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर १०० रुपये भरले की कंपनीचा ताळेबंद बघता येतो. ऑडिटरचा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचा. पीएफ नाहीतर टीडीएस थकलेला असेल तर तो तिथे सापडतो.

सायली_पेरोल

मोशीकर दादा, साडेचार वर्षं झालीत ना, मग सहा महिने का सोडताय? ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. चार वर्षं २४० दिवसांवर काही हायकोर्टांनी दिलीय, पण एचआर ते आपणहून मान्य करेल या भरवशावर राहू नका. बेसिक ४५ हजार धरलं तरी १५ भागिले २६ च्या हिशोबाने १ लाख ३० हजारांच्या घरात जातात. तळेगावकर घाईत असतील तर तेवढा जॉइनिंग बोनस मागा, देतात. मी स्वतः अशा फाइली केल्यात.

भोसरीत २२ माणसं आहेत म्हणजे पीएफ सक्तीचा आहे. वीसच्या आत असती तर नसता. ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील धरलेत का विचारा. छोट्या कंपन्यांत बहुधा नसतात, आणि स्वतःची पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. ती आत्ताच सुरू करा, कुठेही जा.

अवांतर: उसळ बरी असणारं कँटीन सोडताना माणसाने खरंच विचार करावा.

मोशीकर

सगळ्यांचे आभार. व्हर्नियर साहेब, २९ तारखेला जाऊन आलो. रेड बिनला कुलूप होतं आणि किल्ली क्वालिटीच्या शिफ्ट इंजिनिअरकडे, हे बघून बरं वाटलं. हार्ड टूल आहेत. कस्टमर तीन, मोठ्याचा वाटा निम्म्याच्या थोडा खाली. पुल टेस्टचं रजिस्टर मात्र तुम्ही म्हणालात तसंच निघालं, तीन शिफ्टचं अक्षर एक. डिस्पॅचचा प्रश्न विचारल्यावर प्लांट हेड हसले आणि म्हणाले, "आपण टीम म्हणून ठरवतो." नंतर कळलं की क्वालिटी हेड त्यांनाच रिपोर्ट करतो आणि त्यांचा बोनस डिस्पॅचवर आहे.

भोसरीच्या पोरांना सांगितलं की आत्ता नाही जमणार. त्यांनी शनिवारी कधीतरी येऊन बसा म्हटलंय, ते मी करणार आहे.

व्हर्नियर

रजिस्टरचं दोन महिन्यांत सुधारता येतं, त्यासाठीच तुम्हाला घेतायत. रिपोर्टिंग मागून सुधारत नाही. क्वालिटी हेड थेट सीईओला रिपोर्ट करेल आणि माल अडवायचा अधिकार त्याचा असेल, या दोन ओळी ऑफर लेटरमध्ये मागा. 'तोंडी ठरलंय' म्हणाले तर मेलवर घ्या. कुरकुर करतील, तुम्ही ग्रॅच्युइटीसाठी थांबायचं म्हणून तारीख पुढे ढकला आणि वाट बघा. त्यांना मार्चपर्यंत माणूस हवाच असेल.

मोशीकर

दोन्ही ओळी मेलवर मागितल्या. एचआर म्हणाली, सीईओ परदेशात आहेत, मंगळवारी कळवते. राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे.