विधवा प्रथा बंदीचा ठराव झाला, अंमलबजावणी कुणी करायची?

मदत हवी आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा (नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं वगैरे) बंदीचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रकही आलं. आमच्या गावानेही (कोल्हापूर जिल्हाच, मी ग्रामपंचायत सदस्य आहे) ग्रामसभेत तसाच ठराव घेतला. प्रोसिडिंगमध्ये सूचक-अनुमोदकाची नावं, ‘सर्वानुमते मंजूर’, टाळ्या वगैरे झालं. पण काम कुणाकडे, खर्च कुठून, एक ओळ नाही. गावात मयत झाली की बांगड्या फोडणं चालूच.

मासिक सभेत विषय घेतला, ‘परिपत्रक आहे की’ एवढंच उत्तर. पंचायत समितीला पत्र दिलं, ते ‘आपल्या स्तरावर कार्यवाही करावी’ असा शेरा मारून परत आमच्याकडेच! अंगणवाडी सेविका, आशाताई मदतीला तयार आहेत, पण लेखी आदेशाशिवाय भावकीपुढे त्यांनी तरी कसं उभं राहायचं?

दंड नको आहे, त्यानं गाव फुटेल. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला (स्वतःच्या उत्पन्नातला) महिला-बालकल्याणाचा १० टक्के निधी शिल्लक आहे.

ज्यांच्या गावात हे खरंच चालू आहे त्यांनी सांगा: जबाबदारी नेमून द्यायला पुन्हा ग्रामसभा घ्यावी लागते, की मासिक सभेच्या ठरावावर समिती नेमता येते? आणि या १० टक्क्यांतून प्रबोधनाचा खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो का?