डेन्मार्कची चांदीची 2 क्रोनर स्मारक नाणी: यादी, तपासणी, साठवण

प्रश्न
2 क्रोनरच्या स्मारक नाण्यांचा पूर्ण संच जमवायचा आहे. त्यात नेमकी किती नाणी येतात? विक्रेते 1875, 1899 आणि 1915 सालची नाणीही याच मालिकेत दाखवतात, ते बरोबर आहे का? खोटं नाणं आणि घासून चमकवलेलं नाणं घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्तर 1
1875, 1899, 1915 ही चलनातली साधी नाणी आहेत. वजन आणि धातू तोच असल्यामुळे गल्लत होते. स्मारक नाणी अकरा: 1888, 1892, 1903, 1906, 1912, 1923, 1930, 1937, 1945, 1953, 1958. सगळी 15 ग्रॅम, 31 मिमी, 800 शुद्धतेची (हजारात 800 भाग चांदी, बाकी तांबं), म्हणजे प्रत्येकात 12 ग्रॅम निव्वळ चांदी.

1906 आणि 1912 ही आधी घ्या. दोन्ही राजाच्या निधनाची आणि नव्याच्या राज्यारोहणाची, म्हणून दोन्ही बाजूंना राजाच. फ्रेडरिक आठव्याचा चेहरा 2 क्रोनरवर या दोनच नाण्यांत मिळतो. 1953 चं नाणं ग्रीनलंडमधल्या क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेसाठी काढलेलं, त्यावर ग्रीनलंडचा नकाशा आहे. माझ्या मते संचातलं सर्वांत देखणं तेच.

उत्तर 2
तपासणीला 0.01 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. 15 ग्रॅमच्या खऱ्या नाण्याला आकडा 1.48 च्या आसपास येतो. तांबे-निकेल असेल तर 1.68. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो आणि खरं नाणंही खोटं वाटतं, म्हणून दोरा हलकेच हलवून ते सोडवा. नंतर मऊ कापडाने टिपा, पुसू नका.

ही चाचणी फक्त धातू सांगते. चांदीचंच ओतीव खोटं नाणं तिच्यातून सुटतं, त्यासाठी कड भिंगाखाली फिरवून सांध्याची रेघ शोधा. जुन्या नाण्यांचे ब्रोचही करत. डाग (सोल्डर) दिल्याची किंवा कडी काढल्याची खूण बहुधा कडेला सापडते.

घासलेलं नाणं एका दिव्याखाली तिरकं करून फिरवा. मूळ चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेल्यावर ती जागीच थिजते आणि एकाच दिशेचे केसाएवढे ओरखडे दिसतात. 1892 आणि 1923 वर राजाराणीचे जोडचेहरे आहेत. तिथे झीज आधी कानावरच्या केसांत दिसते.

उत्तर 3
डॅनिश विक्रेत्यांची प्रतवारी उलटी वाटते: 0 म्हणजे न वापरलेलं, त्याखाली 01, मग 1+, 1. शून्य पाहून नाणं सोडू नका.

साठवायला 31 मिमीची कॅप्सूल (नाण्याची गोल पारदर्शक डबी) वापरा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलंत तर या 20 टक्के तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. तो दिसताच शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात काही मिनिटं बुडवा, खोली हवेशीर हवी आणि आसपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काळसर झाक मात्र राहू द्या. डिपने (चांदी उजळवणाऱ्या द्रावणाने) ती जाते, पण चकाकीही जाते.

पुढे नवी नाणी घ्याल तेव्हा: 1990 आणि 1992 चं 200 क्रोनर 31.1 ग्रॅमचं आहे, पण शुद्धता 800 च, म्हणजे चांदी 24.9 ग्रॅम. विक्रेता पूर्ण औंसाचा (31.1 ग्रॅम चांदीचा) भाव सांगत असेल तर थांबा. 1986 चं 10 क्रोनर तांबे-निकेलमध्येही आहे, ते 12.5 ग्रॅम, चांदीचं 14.3.