अनुभव धागा : हाताला येतं, तोंडाला येत नाही

काल सून फोनवर चिक्कीचा पाक विचारत होती. म्हटलं, "झाला की उतरव." "आई, पण झाला हे कळायचं कसं?" आता इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून मला पुण्यातली कढई थोडीच दिसतेय! तुमचं असं काय आहे? ग्वाल्हेरकरांनो, लिहा.

घराण्याबाहेरची
महाराज माधवराव शिंद्यांच्या काळात, 1918 मध्ये, स्वरलिपीवाल्या भातखंड्यांच्या मदतीने इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं. गाणं कागदावर आलं, म्हणून माझ्यासारखीला शिकता आलं. पण दरबारी रागाचा गंधार, म्हणजे ग! स्वरलिपीत गच्या खाली आडवी रेघ, म्हणजे कोमल. भीमपलासी रागातही तीच रेघ. मी पेटीतला कोमल ग लावायची. गुरुजी म्हणायचे, "हा दरबारी नव्हे. जड लाव." जड म्हणजे काय डोंबल! सहा महिने नुसती त्यांच्या मागून म्हणत होते. एका सकाळी तो गंधार रिषभाच्या, म्हणजे रेच्या, अंगाने झुलला. गुरुजींची मान हलली, बस्स. आता मी शिकवते. पोरींना काय सांगते? "जड लाव."

खवय्या
काकू, पाकाला शब्द आहेत की! थेंब पाण्यात टाका, गोळी ताटलीवर आपटा, टण् वाजली की झाला. पुरणाला आमची आजी सांगायची, "डाव उभा राहिला की उतरव." बऱ्याचदा आपल्याला कुणी नेटाने विचारलेलंच नसतं.

निवृत्त सिस्टर
चौतीस वर्षं सुया टोचल्या. नव्या मुलींना सांगायचे, शीर डोळ्यांनी नको, बोटाने शोध. दाबल्यावर उसळून येते ती शीर, टणक लागते ती स्नायूची दोरी, ठोके देते तिच्या वाटेला जाऊ नकोस. मुली माना डोलवायच्या आणि सुई भलतीकडेच. मग त्यांचं बोट धरून पेशंटच्या कोपराच्या लवणीत दाबायचे. "हं, हीच!" पुढे त्याच मुली नव्या बॅचला माझंच वाक्य माझ्याच सुरात ऐकवायच्या.

सायकलवाला
डावीकडे कललो की आपण हँडल डावीकडेच वळवतो म्हणे, तोल त्यानेच सावरतो. चाळीस वर्षं चालवतोय, पत्ता नव्हता. वाचल्यावर मुद्दाम लक्ष देऊन चालवली आणि महाराज बाड्याच्या चौकात भर गर्दीत आपटलो.

धागाकर्ती
सुनेची गोळी टण् वाजली. तोवर दोनदा गूळ करपला होता.