वासोट्याच्या बोटीला शीड लावावं का?

कोयनाकाठचा: चुलत्यांची २४ फुटी फायबरची बोट बामणोलीला असते, मागं पेट्रोलवरचं मशीन. वासोटा किल्ल्याचे ट्रेकर पायथ्याच्या मेट इंदवलीला सोडायचे आणि संध्याकाळच्या आत आणायचे, हाच धंदा. दुपारी वारं उठलं की परतताना अशी डुलते की मागच्या रविवारी एका ताईंनी सकाळची मिसळ शिवसागर जलाशयाला अर्पण केली. वर पेट्रोलचा खर्च. मी म्हणतो डोलकाठी उभारून शीड लावू. डुलणं कमी, पेट्रोल कमी, मशीन बंद पडलं तर काठ तरी गाठता येईल. चुलते म्हणतात, "बैलगाडीला पतंग बांधतोय." चाळकेवाडीच्या पवनचक्क्या काय उगाच फिरतात?

आडवा वारा: चुलत्यांचं बरोबर आहे. पवनचक्क्या पठारावर, तुम्ही दरीच्या तळाला. आणि त्या जोरात फिरतात पावसाळ्यात, तेव्हा वासोटा बंद! तुमच्या धंद्याच्या दिवसांत सकाळी पाणी आरशासारखं असतं, शीड नुसतं लोंबणार. दुसरं, शिडाच्या होडीला खाली खोल कणा नाहीतर पाण्यात सोडायची फळी असते. तुमचा तळ सपाट. बाजूनं वारं आलं की शेवाळलेल्या फरशीवर घसरल्यागत आडवी जाणार. फळी बसवली तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती बुडालेल्या शेतांच्या जुन्या बांधांना अडकणार. वर बारा माणसं सेल्फीसाठी एका बाजूला गेली की झालंच. कलंडली तर जबाबदार कोण?

नाखवा_नसलेला: आडवा वारा, तुम्ही दोन गोष्टींची खिचडी करताय. शिडावर चालवणं वेगळं आणि डुलणं आवरायला शीड लावणं वेगळं. मासेमारीच्या मोटारबोटींवर मागच्या बाजूला लहान शीड असायचं, ते मधोमध ताणून बांधायचं. बोट कलायला लागली की ते कापड हवेला अडवतं आणि हेलकावा मंदावतो. मशीन चालूच. त्याला ना फळी लागते ना मोठी काठी. बोट नांगरून ठेवली तर तेच शीड तोंड वाऱ्याकडं धरतं. दोन चादरींएवढं कापड पुरे.

कोयनाकाठचा: मग पेट्रोल वाचायचं काय?

आडवा वारा: दोन चादरींनी ते वाचत नाही. पेट्रोल वाचवायचं तर हँडल कमी पिळा. २४ फुटी बोट ताशी ११-१२ किलोमीटरच्या वर नेली की ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि पेट्रोल गटागट पिते. त्याच्या आत राहून वेग निम्मा केला तर ताकद जाड हिशोबानं आठवा हिस्सा लागते. वेळ दुप्पट धरा, तरी पेट्रोल पावच. डुलण्यासाठी छोटं शीड मान्य, पण तेही वादळी झोत आला की एका ओढीत खाली यायला हवं. शिवाय काठीचा सगळा ताण पातळ फायबरवर येतो. खाली लाकडी आधार आणि दोन्ही अंगांना तारा हव्यात, नाहीतर काठी डेक घेऊनच उपटेल.

नाखवा_नसलेला: हळू चालवली तर ट्रेकरांना उशीर होतो, मग धावपळ करत दरीत उतरतात. तुमचा हिशोब कागदावर चांगलाय.

आडवा वारा: अर्धा तास आधी सोडा बोट. कोंबडा आरवायच्या आधी निघणारी माणसं आहेत ती.

कोयनाकाठचा: चुलत्यांना सगळं वाचून दाखवलं. ताराबिरा ऐकून हसले. म्हणाले, "आधी मागच्या बाकाचा बोल्ट आवळ. तीन महिने झाले, हातात येतोय."