शाळा अर्धवट सुटलेल्या पोरांसाठी युवा केंद्र बांधायचं, की कट्ट्यावर जाणारा माणूस नेमायचा?

(सांगली जिल्ह्यातल्या चौघांची ही चर्चा. प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याचं टोपणनाव दिलं आहे.)

माणगंगाकाठ
खानापूर-आटपाडीकडं आता गावोगाव 'युवा केंद्र' हवं अशी मागणी होतेय. एक हॉल, कॅरम, चार संगणक आणि बाहेर मोठी पाटी. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता. पंधराव्या वर्षी पोरगं शाळेतून गळलं की त्याचं नाव कुणाच्याच रजिस्टरात राहत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना ६, ८ आणि १० हजारांचं विद्यावेतन आहे, पण अट किमान बारावी पास आणि वय १८ पूर्ण. दहावीच्या गणितात अडकलेला पोरगा या दारातूनही बाहेरच. तो पाटी वाचून हॉलमध्ये येणार नाही. येतात ती भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, म्हणजे ज्यांचं बऱ्यापैकी रुळावर आहे ती. हजेरीपट भरतो, आणि ज्याच्यासाठी हे केलं तो एसटी स्टँडच्या मागंच बसलेला असतो.

हॉलऐवजी एक पगारी माणूस नेमा. त्याच्याकडं २० ते २५ मुलं, त्याहून जास्त नकोत. ठरलेल्या वारी, संध्याकाळी ६ ते ९, ठरलेल्याच कट्ट्यावर. पहिले तीन-चार आठवडे वही आणि फॉर्म पिशवीतच राहू द्यायचे. पहिल्या दिवशी नाव-पत्ता विचारला की पोरं दुसऱ्या दिवशी जागा बदलतात. मोबाइल नंबर दर दोन महिन्यांनी बदलतात, म्हणून आईचा किंवा मामाचा नंबरही घ्यायचा.

ओळख झाली की पहिलं काम कागदपत्रांचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, हे सर्रास असतं. त्यात आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. घाईघाईत सेतूत जाऊन चुकीची करून घेतली की १७ नंबर फॉर्म (बाहेरून दहावी-बारावीला बसण्याचा), आयटीआय, बँक खातं, सगळं तिथंच अडतं. आधी दाखला बघा, मग आधारला हात लावा.

मिरजेची ताई
दादा, तुमच्या कट्ट्यावर मुली कुठं आहेत?

मुलगी शाळेत असते तोवर बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट. शाळा सुटली की पास गेला. अर्धं तिकीट आहे, पण ते पैसे घरातून मागावे लागतात आणि मागितले की "कशाला जायचंय?" हा प्रश्न येतो. आणि एकटा पुरुष कार्यकर्ता मुलीची चौकशी करत दारात गेला, तर तिचं होतं तेवढं बाहेर पडणंही बंद होईल. लग्नाची बोलणी लवकर सुरू होतील ते वेगळंच.

मुलींना खोली लागतेच. नवी बांधू नका, अंगणवाडी सुटल्यावरची किंवा शाळेतली रिकामी खोली घ्या. वेळ दुपारी २ ते ४, कारण तेव्हा घरातलं काम उरकलेलं असतं आणि अंधाराची भीती नसते. दोन शिलाई यंत्रं आणि बाई कार्यकर्ती. दारावर 'समुपदेशन' असं चुकूनही लिहू नका, गाव त्याचा अर्थ 'डोक्यात बिघाड' असा लावतं. पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते भांडी आणि सतरंज्यांत का जातात, हे ग्रामसभेत विचारा.

द्राक्षपट्टा
तुम्ही दोघंही कमाईचं बोलतच नाही. विट्या-आटपाडीकडचा पोरगा सोळाव्या वर्षी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात परराज्यात जातो, कारण तिथं हातात पैसे पडतात. तो दिवाळीला नाहीतर गावच्या यात्रेला येतो. त्याला गाठायचं ते त्याच आठवड्यात.

हंगाम न बघता आखलेला कार्यक्रम पडणारच. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, पाठोपाठ ऊसतोड. नोव्हेंबरात तीन महिन्यांचा कोर्स काढला तर पहिल्या पंधरवड्यातच वर्ग रिकामा होतो, आणि मग पोरांना रस नाही असा शेरा मारला जातो. खरा मोका दहावीच्या निकालापासून जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत. तेव्हा घरोघरी सांगावं लागतं की एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. आठवी पासवर आयटीआयचे वायरमन, वेल्डरसारखे ट्रेड आहेत हेही कित्येक घरांत माहीत नसतं. आणि १७ नंबर फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली इथून जवळच, कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढं 'कमवा आणि शिका' रुजवलं. त्यातला 'कमवा' काढून नुसतं 'शिका' म्हणणारी कुठलीही सेवा आपल्या भागात टिकणार नाही.

सिव्हिलचा समाजसेवक
एका कार्यकर्त्याकडं किती मुलं, याबद्दल माझं मत वेगळं. त्यात नशेत असलेली मुलं असतील तर २५ हा आकडा फार झाला, १० ते १२ पुरे. सांगली-मिरजेकडं झोपेच्या गोळ्यांचा वापर चिंतेचा आहे. कार्यकर्ता किंवा घरचे लोक अशा मुलाला खोलीत कोंडून गोळ्या एकदम बंद करतात. ते धोक्याचं आहे, रोजच्या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट्स येऊ शकतात. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते. मनाची घालमेल असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. १० ते १९ वयासाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक आहेत.

आणखी एक. "तू सांगशील ते कुणालाच सांगणार नाही" असा सरसकट शब्द कार्यकर्त्यानं देऊ नये. १८ खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं कळवावंच लागतं. हे पहिल्याच आठवड्यात सांगायचं. नंतर सांगितलं तर मुलाला ती फसवणूक वाटते आणि ते खरंच आहे.

माणगंगाकाठ
ताई, मुलींसाठी खोलीचं मान्य. कट्ट्याचा हिशेब मी मुलग्यांपुरताच केला होता, ती चूक. २५ चा आकडाही मागं घेतो. पण मुलग्यांसाठी हॉल नको, यावर ठाम आहे.

मिरजेची ताई
दादा, हॉलच का होतो तेही बघा. सिमेंटचं बिल निघतं, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, उद्घाटनाचा फोटो येतो. माणसाच्या फिरण्याचं बिल काय लावणार? ते सोडवल्याशिवाय तुमचा माणूस कागदावरच राहील. माझं म्हणणं असं की मानधनाला रोजनिशी जोडा: तारीख, कट्टा, किती जण भेटले, कुणाचा कोणता कागद पुढं सरकला. नावांऐवजी क्रमांक लिहा, कारण ही वही कधीतरी ग्रामसभेत उघडली जाणारच. आणि हजेरी मोजू नका. हजेरी मोजली की कार्यकर्ता सोपी पोरं निवडतो. तीन महिने गायब झालेल्या मुलानं परत फोन उचलला का, ते मोजा.

द्राक्षपट्टा
हे पटलं. फक्त रोजनिशी दर पंधरा दिवसांनी कुणीतरी त्याच्यासोबत बसून वाचायला हवी, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून ती घरी बसून भरली जाते. ते काम ग्रामसेवकाकडं देऊ नका, त्यांच्याकडं आधीच चिक्कार कामं आहेत. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून एक अनुभवी माणूस यासाठी ठेवला तर खर्च वाटला जाईल.