वर्गात रेघोट्या मारणाऱ्या पोरांना ओरडणं बंद करा राव

गिरगटकर:
पालकसभेत दरवेळी तीच टेप, मुलगी हुशार आहे हो पण वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारत बसते, लक्षच नसतं. रेघोट्या मारणारा ऐकत नसतो हे ठरवलं कोणी? इंग्लंडात प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड बाईंचा २००९ मध्ये आलेला प्रयोग बघा. ४० जणांना अडीच मिनिटांचा मुद्दाम कंटाळवाणा फोन मेसेज ऐकवला, पार्टीला कोण येणार कोण नाही, मधेच गावांची नावं, सगळा फापटपसारा, आणि निम्म्या लोकांना ऐकता ऐकता छापील आकार पेन्सिलीने भरायला दिले. नंतर न सांगता परीक्षा! आकार भरणाऱ्यांना सरासरी ७.५ नावं आठवली, नुसतं ऐकणाऱ्यांना ५.८. म्हणजे २९ टक्के जास्त. आता बोला.

शास्त्राच्या बाई:
बोलते ना दादा. तुम्हीच लिहिलंय, छापील आकार. त्यात काय काढायचं याचा विचारच नाही, हात चालतो आणि कान मोकळे. माझ्या वर्गात मागच्या बाकावर चाललेलं असतं ते कार्टूनचे डोळे, पापण्या, शेडिंग, त्यात पोरगी पूर्ण बुडालेली. शिवाय फोन ऐकायला फळा लागत नाही, मी समीकरण सोडवतेय आणि मान खाली असेल तर मधली पायरी गेलीच ना. आणि तो मेसेज मुद्दाम रटाळ केला होता. माझा तास रटाळ आहे असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा 😄

निशाचर:
बाईंना दुखवायचं नाही पण काही तास असतात हो तसे. मी ऑफिसच्या कॉलवर कायम चौकोनात चौकोन काढतो, नाहीतर मन थेट ईएमआयवर जातं. अँड्रेड बाईंचा अंदाजही साधारण तोच आहे, की हाताला हलकं काम दिलं की माणूस दिवास्वप्नात जात नाही. आणि गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलामचं काय? १९६३ मध्ये एका परिषदेत कोणीतरी लांबलचक कंटाळवाणा पेपर वाचत होतं, याने कागदावर १, २, ३ असे आकडे गोल गोल लिहीत नेले, मूळ संख्यांना खुणा केल्या तर त्या तिरक्या रेषांत पडलेल्या दिसल्या. उलाम स्पायरल तेच.

पुराव्यानिशी:
उलाम आधीच उलाम होता रे. आमच्या अख्ख्या फ्लोअरवर चौकोनात चौकोन चालू असतात, अजून एक मूळ संख्या हाती लागलेली नाही. आणि उलामला तो पेपर आठवला का, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.
दुसरं, त्या प्रयोगात कोण किती दिवास्वप्नं बघत होतं हे मोजलंच नव्हतं, त्यामुळे तुझं ते कारण अजून अंदाजच. आणि ४० माणसांचा एक प्रयोग घेऊन शाळांचे नियम बदलायचे?
त्यापेक्षा कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात झालेलं काम दमदार आहे. २०१६ मध्ये त्यांनी लोकांना शब्द दिले, काही शब्दांचं चित्र काढा, काही नुसते परत परत लिहा. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले, आणि चित्र चांगलं यायची गरजच नाही. पण २०१९ मध्ये त्याच मंडळींनी मोकळ्या रेघोट्या तपासल्या तेव्हा तो फायदा दिसला नाही. म्हणजे जे ऐकतोय त्याचंच चित्र काढलं तर उपयोग, उगाच वेलबुट्टी काढून काही नाही.

शास्त्राच्या बाई:
बघा! पेपरात ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ उगाच येत नाही. हृदयाचे कप्पे हाताने काढलेलं पोरगं ते सहसा विसरत नाही, गाइडमधली आकृती नुसती बघणारं हमखास डावं-उजवं करतं.

गिरगटकर:
आकृतीचं मान्य आहे बाई, पण तुम्ही सगळे रेघोट्यांची तुलना पूर्ण लक्ष देणाऱ्या मुलाशी करताय. जेवणानंतरच्या तासाला असं मूल असतं कुठे? तुलना खिडकीबाहेर बघणाऱ्याशी करा, तिथे रेघोट्यावाली जिंकते.

शास्त्राच्या बाई:
मग असं करू, मधेच उठवून प्रश्न विचारणार, उत्तर आलं तर मागचं पान तिचं, मी ब्र काढणार नाही. पण गणिताच्या तासाला वही बंद.

निशाचर:
गणितालाच बंद? उलामने काय घोडं मारलंय तुमचं 😂